बायकांना विचारलंच नाही

मर्टल नांगालाचं वय तेव्हा साठीच्या पुढे असेल. नक्की किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. उजव्या पायानं ती लंगडायची. तोंड मात्र धडधाकट आहे, असं तिचे जावई म्हणायचे, तेही लांबूनच.

सुनावणी झऱ्याजवळ भरली होती. ताडपत्रीच्या सावलीत टेबल, टेबलामागे न्यायाधीश, समोर लाल मातीत बसलेल्या बायका. हा मुलूख आपला आपल्याला परत मिळावा म्हणून मर्टलच्या माणसांनी, इथल्या मूळ रहिवाशांनी, अर्ज केला होता. ज्या जागेची गाणी ज्यांना येतात त्यांचीच ती जागा, हा त्यांचा पुरावा. तिथं गुरं चारणाऱ्या गोऱ्या मालकाचा वकील एक जाड पुस्तक उघडून उभा होता.

ते पुस्तक लिहिणारा विद्वान पन्नास वर्षांपूर्वी इथं आला होता. इथल्या लोकांचा धर्म हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. आठ महिने तंबू ठोकून राहिला आणि म्हाताऱ्या पुरुषांना तंबाखू देऊन त्यानं गाणी लिहून घेतली. मर्टल तेव्हा पोरगी होती, त्याच्या तंबूवर पाणी नेऊन द्यायची. आता तो मेला होता, म्हणून कुणी त्याचं नाव घेत नसे. नुसतं ‘वहीवाला’ म्हणत.

वकील वाचू लागला, “‘बायका बिया वेचतात, पाणी भरतात. धर्मात त्यांना स्थान नाही. या झऱ्याची गाणी येणारा आता एकच माणूस उरला आहे...’” आणि त्यानं मर्टलच्या मेलेल्या बापाचं नाव खणखणीत आवाजात घेतलं.

बायकांच्या माना खाली गेल्या. मर्टल काठी टेकत उठली.

“मेलेल्या माणसाचं नाव घेतोस? आईनं काही शिकवलं नाही का तुला?”

तिची भाची लॉर्ना इंग्रजीत सांगायला बसली होती. तिनं ते जरा मऊ करून सांगितलं.

“लॉर्ना, जसंच्या तसं सांग!”

“सांगते गं आत्या.” आणि तिनं सांगितलं.

वकील लालबुंद झाला. “माफ करा. पण गाणी तर त्यांच्याबरोबरच संपली ना?”

“वहीवाल्यानं विचारलं कुणाला?”

“तुमच्या पुरुषांना.”

“बायकांची गाणी पुरुषांना येत नाहीत. त्यांनी ती ऐकायचीही नसतात. मी आठ महिने रोज बादली घेऊन त्याच्यापुढे उभी राहायचे. पोरी, तुझी आई त्या टेकडीमागे कशाला जाते, असं एकदा तरी विचारायचं!”

न्यायाधीश भला माणूस होता. “मग एखादं गाणं म्हणून दाखवाल का? पुरावा म्हणून?”

“नाही.”

तिच्याच बाजूचा वकील घाईघाईनं शेजारी उकिडवा बसला. “आजी, अगदी जवळ आलोय आपण. फक्त न्यायाधीशांपुढे. दोनच ओळी.”

“तुलाही कळत नाही का रे? पुरुषापुढे गायले तर झरा आमचा राहिला कुठं? देऊन टाक मग त्या गुरांनाच.”

“गुपित मोठं सोयीचं आहे,” पलीकडचा वकील हसला.

मर्टलनं टेबलाच्या कडेला बसून साक्षी टाइप करणाऱ्या तरुणीकडे काठी रोखली. “ही बाई आहे ना? हिला पाठवा आमच्याबरोबर. बाकीचे बसा इथंच.”

न्यायाधीशानं बराच वेळ चष्मा पुसला, मग मान डोलावली.

अंग रंगवायला गेरू घेऊन बायका टेकडीमागे गेल्या. पुरुष तीन तास माश्या हाकलत बसले. वारा फिरला की टाळ्यांचा आवाज यायचा, आणि मर्टलच्या वस्तीतले म्हातारे लगेच मोठमोठ्यानं बोलू लागायचे, कानावर काही पडू नये म्हणून.

ती तरुणी परतली तेव्हा तिच्या केसांत धूळ होती. तिला शपथ दिली.

“काय पाहिलंत?” मालकाच्या वकिलानं विचारलं.

“ते सांगायची मला परवानगी नाही.”

“गाणी शिल्लक आहेत?”

“अठरा जणींना तोंडपाठ आहेत. त्यातली एक नऊ वर्षांची आहे.”

निकाल दोन वर्षांनी लागला. मुलूख परत मिळाला. दक्षिणेकडचा एक पट्टा तेवढा मालकाकडे राहिला, आणि त्यासाठी मर्टल पुढे शेवटपर्यंत भांडत होती.

निकालानंतर शहरातून एक अभ्यासक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आली. “मला तुमच्या धर्माबद्दल विचारायचंय.”

“आधी बस,” मर्टल म्हणाली. “बिया वाट, घोरपडी खणून काढ, माझ्या नातींना सांभाळ. काय विचारायचं ते नंतर मी सांगेन.”

ती सात वर्षं राहिली. तिचं पुस्तक छापायला जाण्याआधी मर्टलनं लॉर्नाकडून पान न् पान वाचून घेतलं आणि त्यातली अकरा पानं काढायला लावली.