निरोप संध्याकाळी मिळतो

तक्रारीच्या टेबलावर बसणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माणूस खिडकीशी येतो, "फोन वाजत नाही" एवढंच बोलतो, आणि त्याच्या मागे काय निघेल याचा काही नेम नसतो. कल्याणच्या आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऐन उमेदीची वर्षं या एका वाक्यावर काढली. परवा भाचा कुरकुरत आला, "मावशी, नवा मोबाइल घेतलाय, पण कॉलच लागत नाहीत. व्हॉइसमेल आल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं!" मी म्हटलं, "बस बाळा, चहा टाकते. तुझ्या जन्माआधीपासून हेच ऐकतेय मी."

आमची टोळी लहान. टेबलावर मी. बाहेर फिरायला लाइनमन भोईर, ज्याला स्वतःच्या हुशारीची इतकी खात्री की तो जिना चढतानाच फॉल्ट सांगायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा. आणि आत जोगळेकर साहेब. माणूस सज्जन, पण प्रत्येक तक्रारीखाली 'दोष आढळला नाही' लिहायला पेन उघडूनच बसलेला.

*

टिळक चौकातले एक काका. फोनसाठी नंबर लावला तेव्हा मुलगी पाळण्यात होती, फोन आला तेव्हा ती साडी नेसायला लागलेली. आणि आल्या आल्या तक्रार, फोन वाजत नाही!

मी टेबलावरून रिंग देऊन बघितली. रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. शेवटी भोईर गेला.

"फोन कुठाय?"

काकूंनी कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं, शालू बाजूला केला. फोन आत! मुलं उगाच नंबर फिरवतात म्हणून. कपाटाला मागून भोक पाडून वायर अगदी व्यवस्थित आत घेतलेली.

"अहो, मग वाजलेला कळणार कसा तुम्हाला?"

काका भडकले. "आधी वाजू तर दे! शेजारच्यांचा बघ, दिवसभर वाजत असतो. इथपर्यंत ऐकू येतो आम्हाला."

शेजाऱ्यांकडे फोन नव्हता.

*

भोईर आधी डोंबिवलीला होता, तेव्हाची ही गोष्ट. दसऱ्यानंतर फोन न वाजण्याच्या तक्रारी वाढायच्या. एका घरी त्याने फोन उघडला तर आतून मूठभर तांदूळ सांडले. पूजा केलेली! हळद, कुंकू, फूल, अक्षता, सगळं यथासांग. अक्षता डायलच्या भोकांतून आत जाऊन घंटीत अडकलेल्या.

त्याने साफ करून दिला. वहिनींना वाईट वाटलं. "म्हणजे पुढच्या वर्षी पूजा नाही करायची का?"

"करा ना," भोईर म्हणाला, "फक्त नारळ बाहेर फोडा."

*

आता सुजाताचं. हे जरा लांबतं, पण मध्ये बोलू नका.

सुजाता गायकवाड शहाडला चाळीत राहायची. घरात ती आणि आई, दोघीच. आई सकाळीच कामाला जायची. मुलगी डी.एड. झालेली, पण नोकरी नाही, म्हणून उल्हासनगरला कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. खिडकीशी येऊन म्हणाली, "मॅडम, फोन माझा नाहीये. पण तक्रार माझी आहे."

आतून जोगळेकर साहेबांचा आवाज आला, "बाई, ज्याचा फोन त्याची तक्रार!"

मी म्हटलं, "तू बोल गं."

तर आंबिवलीच्या एका शाळेत तिचं बदली शिक्षिका म्हणून नाव होतं. कुणी बाई रजेवर गेल्या की शाळेतून सकाळी फोन येणार, आणि दुपारच्या वर्गाला हजर व्हायचं. हिने नंबर दिलेला चाळीतल्या तांडेलांचा. तेव्हा अशी पद्धतच होती. नंबरापुढे 'पी.पी.' लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप ते देणार. आणि होत काय होतं? शाळा सांगायची, सकाळीच फोन केलेला. हिला निरोप मिळायचा संध्याकाळी! तोवर दुसरीच मुलगी शिकवून घरी गेलेली असायची.

"आता तिथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जातायत," सुजाता म्हणाली. "पोटात दुखायला लागलं की जातील, दिवस नक्की नाही. ती जागा वर्षअखेरपर्यंत आहे, मॅडम. मोठ्या बाईंनी सांगितलंय, या वेळीही आली नाहीस तर परत बोलावणार नाही."

"मग काही दिवस घरीच थांब."

"थांबलेले. तेव्हा फोन आला नाही. कारखान्यात गेले, त्याच दिवशी आला! आता मालक म्हणतो, आणखी खाडा केलास तर येऊच नकोस."

"अगं, पण तांडेलांना सरळ विचार ना, फोन कधी येतो म्हणून."

ती हळूच म्हणाली, "त्यांच्या फोनवर आपले फोन येतात. त्यांना जाब कसा विचारायचा?"

ते मला पटलं. मिंधेपण काय असतं ते आम्हीही भोगलेलं. मी तक्रार लिहून घेतली.

*

भोईर शहाडला जाऊन आला. जिना चढतानाच त्याने निदान केलेलं, डीपीत पाणी! म्हणजे खांबावरच्या वायरींच्या डब्यात. डबा कोरडा ठणठणीत. फोन उघडला, घंटी बघितली, वायर हलवून बघितली. सगळं ठीक.

तांडेलांकडे दिवसा एकट्या आजीच असायच्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून मुलाबरोबर इकडे आलेल्या. मुलगा कंपनीत, सून नोकरीला. त्यांनी याला जेवल्याशिवाय सोडलाच नाही.

"फोन एकदम ओके, मॅडम," भोईर हात पुसत म्हणाला. "आणि बोंबील पण."

जोगळेकर साहेबांनी पेन उचललं. मी म्हटलं, "थांबा जरा." आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या टेबलावरून स्वतः रिंग दिली. दुसऱ्या घंटीला उचलला!

"आजी, मी एक्स्चेंजमधून बोलतेय. टेस्टिंग आहे. सुजाताला सांगाल का, फोन चांगला चालू आहे म्हणून?"

"सांगते," आजी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ही सकाळची गोष्ट. सुजाता तेव्हा नुकतीच कामाला निघत असणार. दुसऱ्या दिवशी तिने स्टेशनवरच्या बूथवरून मला फोन केला. "मॅडम, काल संध्याकाळी आजी आल्या आणि म्हणाल्या, तुला टेस्टिंगबाईंचा फोन आलेला. फोन चांगला चालू हाय!"

*

जोगळेकर साहेबांचं मत पडलं, की असल्या घरांत आन्सरिंग मशीन पाहिजे. निरोप टेप होतो, माणसाची कटकटच नाही.

भोईर लगेच हसायला लागला. कारण साहेबांच्या मेव्हण्याने ठाण्याला असं मशीन आणलेलं, सिंगापूरहून. त्यात स्वतःचा आवाज भरलेला, "मी आता घरी नाही, निरोप ठेवा." तेव्हापासून त्याची तक्रार, लोक फोनच करत नाहीत! अहो, कसे करतील? माणूस स्वतः फोनवर बोलतो आणि वर सांगतो मी घरी नाही! अर्धे लोक चिडून ठेवून द्यायचे.

टेपवर निरोप सापडला तो एकच. त्याच्या आईचा. "अरे, जेवलास का?... का रे, बोलत का नाहीस?... बरं, राग गेला की तूच कर फोन."

मशीन माळ्यावर गेलं.

*

शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी मीच शहाडला गेले. माझा स्वभावच असा, अर्धवट काही राहिलं की झोप लागत नाही.

चाळ दुमजली. वरच्या मजल्यावर सुजाताची खोली जिन्याला लागून, आणि तांडेलांची पार दुसऱ्या टोकाला. आजी दारात बसून सुकट निवडत होत्या. फोन मागे स्टुलावर, जरीच्या खणाने झाकलेला. मी आपली ओळख दिली.

"टेस्टिंगबाई! ये, ये. बस."

चहा झाला. मी विचारलं, "आजी, सुजाताला शाळेचा फोन येतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"उचलते."

"मग?"

"सांगते म्हनते."

"मग सांगता कधी?"

"पोरगी घरी आली का सांगते. एक शब्द नाय गाळत."

"पण फोन येतो तेव्हा ती इथेच असते ना?"

"नाय गं. तवाच निघालेली असते. मी बाहेर येते तर खाली अंगणात तिची पाठ दिसते."

"अहो, मग वरून हाक मारायची!"

आजींचे हात थांबले. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मीच अडाणी. "निघालेल्या मानसाला मागून हाक मारायची? तू शिकलेली ना?"

मी हसणार होते. बरं झालं, हसले नाही. कारण आजीच पुढे बोलल्या. "आमचा नाखवा होडीवर निघालेला. तंबाखूची डबी घरी ऱ्हायली, म्हनून मी मागून हाक मारली. वळून हसला, नको म्हनला, आन् गेला." सुकट परत निवडायला लागल्या. "डबी हाय अजून."

पण त्या मुलीचंही तोंड डोळ्यांसमोर येत होतं. म्हटलं, "आजी, त्या फोनवर तिची नोकरी अडकलीय. आता एकदा चुकला की संपलं."

"नोकरी?" आजी चमकल्या. "मना कोनी नाय सांगितलं. मना वाटलं, शालेतली मैतरीन असंल."

"मग आता?"

"जिना उतरेपर्यंत पोरगी नाक्यावर पोचते. माझे गुडघे बघ." त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "तुमी फोनवाले ना? तुमी काय तरी करा. मी हाक नाय मारायची. माझ्यानं नाय व्हनार."

*

आम्ही काय करणार! भोईर म्हणाला, गॅलरीत जादा घंटी लावू, खाली अंगणापर्यंत ऐकू जाईल. साहेब म्हणाले, त्याला अर्ज लागतो, मग मंजुरी, मग घंटी उपलब्ध पाहिजे. म्हणजे बाळंतपण होऊन बाळाचं बारसंसुद्धा उरकणार! सुजाताला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निघताना आजींना विचारून जाईन." पण फोन यायचा ती निघाल्यावरच, याला ती तरी काय करणार? त्या दिवसांत सकाळी कामाला बसले की माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं.

साहेबांनी अखेर पेन टेकवलंच. दोष आढळला नाही.

*

बरेच दिवस झाले आणि एक दिवस सुजाता खिडकीशी. "मॅडम, तक्रार मागे घ्यायचीय."

मी खिडकीतून पुढे वाकले. "गेली का गं जागा?"

"मिळाली! वर्षअखेरपर्यंत!"

भोईर काम टाकून धावत आला. साहेबसुद्धा बाहेर आले, पेन आत ठेवून.

"फोन कधी आला?" मी विचारलं.

"नेहमीच्याच वेळी. मी अंगण ओलांडून रस्त्याला लागलेले."

"मग आजींनी मारली हाक?"

"नाही ना! मला मागून नुसती पावलं ऐकू आली. कोणीतरी धापा टाकत येतंय, असं. मी बाजूला झाले, म्हटलं जाऊ दे पुढे. तर आजी! अनवाणी, पदर खोचलेला, हातात सुकटीची पाटी तशीच. माझ्या बाजूने गेल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तशाच पुढे गेल्या, पार पानाच्या टपरीपर्यंत. मी बघतच राहिले. म्हटलं, यांना झालं काय! मग वळल्या. माझ्याकडे तोंड केलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की टपरीवाला दचकला. 'सुजाता! शालेत बोलावलंय!'"

भोईरने टेबलावर थाप मारली. साहेब चष्मा पुसायला लागले.

"मी पाया पडायला वाकले, तर मलाच ओरडल्या, येल नको घालवू म्हणून. मी स्टेशनकडे पळत सुटले. थोडं गेल्यावर बघते तर आजी लंगडत माझ्या मागे येतायत! म्हटलं, आजी, परत फिरा, गुडघे दुखतील. ऐकेचनात. स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत मागे आल्या."

"का गं?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, 'तू चल पुढं. मागून कोन हाक मारतो, ते बघते मी.'"