मधल्या खांबाचं माप

तंबूचा मधला खांब मिस्त्री कधी टेपनं मोजत नसत. भिंतीला पाठ लावून ते उजवा हात सरळ वर करायचे आणि बोटाच्या टोकाशी बायको खडूची रेघ मारायची. त्या रेघेइतका खांब, तीस वर्षं हेच. कुणी टेप पुढे केलाच तर म्हणत, "टेप हरवतो. मी कुठं हरवतोय?"

परवा मैदानात नवा खांब उभा केला, तर कापड म्हशीच्या पोटासारखं लोंबायला लागलं. दोर ताणून ताणून मिस्त्रींचे हात भरून आले. त्यांनी सगळं खापर कापड शिवणाऱ्या शिंप्यावर फोडलं. शिंपी एवढंच म्हणाला, "जुना खांब लावून बघा." लावला, आणि कापड ताठ बसलं. नवा खांब चार बोटं आखूड निघाला.

संध्याकाळी मिस्त्री घरी येऊन मटकन खाली बसले. "तुला साधी रेघ मारता येत नाही."

"रेघ बोटाशीच मारली," बायको म्हणाली. "तुमचा खांदा वर जात नाही. रोज शर्टाची बाही धरते, ती काय हौस म्हणून?"



सकाळी मिस्त्री पुन्हा भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि ओठ आवळून हात वर केला. बायकोनं बोटाशी खडू टेकवला, मग चार बोटं वर सरकवला. मिस्त्रींना ते दिसलं, पण ते समोरच बघत राहिले.

"झालं का?"

"झालं," ती म्हणाली. "आहात अजून तेवढेच."