ओल्या खडूचा वास

काल स्वयंपाकघरातला फळा ओल्या फडक्यानं चकचकीत पुसला. शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो, तेव्हा कळलं की बायकोनं त्यावर लिहिलेलं किराणा सामान गेलं. तेवढ्यात ओल्या खडूचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या आसेगावात पोचलो.

तिथं बसथांब्याजवळच्या फळ्यावर माझे मामा रोज सकाळी गावच्या बातम्या लिहीत. त्या दिवशी लिहिलं होतं, ‘नळयोजना कागदावर पूर्ण, नळ कोरडे.’

सरपंचाची माणसं आली. “मामा, पुसा ते.”

“खोटं असन त दाखवा, पुसतो.”

त्यांनी बादलीभर पाणी फळ्यावर फेकलं. मामा म्हणाले, “पाहा! नळाले नाई, पन बातमीले पानी आलं!”

सगळ्यांबरोबर मीही पोट धरून हसलो. फळा वाळल्यावर मामांनी लिहिलं, ‘सकाळची बातमी पुसण्यात आली आहे.’ आज हसू येत नाही. फळा वाळेपर्यंत खडू घेऊन उभे असलेले मामाच दिसतात.

हे सगळं बायकोला सांगितलं. बसथांब्याजवळच्या त्या फळ्यावर आता साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, हेही सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कोऱ्या फळ्याकडे बघत ती म्हणाली, “पुसाले तुमच्यासारखे लय आहेत. मामाच्या मागं लिवाले कोन राह्यलं?”