आमच्या पोरीची मनवाली

त्या बाईंना मीच शोधून काढलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात त्याचं श्रेय मला कुणी देत नाही.

झालं असं, की माझ्या मुलीनं अकरावीला मानसशास्त्र घेतलं. का घेतलं, कुणाला विचारून घेतलं, देव जाणे. तिचे बाबा "छान आहे" म्हणून मोकळे झाले. त्यांना सगळंच छान वाटतं. वर्ष अर्धं सरलं तोच शाळेतल्या मानसशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी भूगोलाचे सर येऊन नुसतं पुस्तक वाचून दाखवायला लागले. चाचणीत पोरगी काठावर पास झाली. दार लावून रडली. मी म्हटलं, रडतेस काय, शिकवणी लावू. त्यात काय एवढं!

कसलं काय! गणिताची शिकवणी हवी असेल तर आमच्या रस्त्यावर दर दोन दारांआड पाटी आहे. मानसशास्त्राचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणायचे. मी कपडे शिवते, घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान, त्यामुळे दिवसभर माणसांची ये-जा. येईल त्याला विचारत सुटले. समोरच्या औषधवाल्यानं इकडेतिकडे बघून एका डॉक्टरांचं कार्ड हातात सरकवलं. "चांगले आहेत, कुणाला काही कळत नाही," म्हणाला. माझी धाकटी नणंद तर डोळे पुसतच आली. "वहिनी, एवढं झालं आणि मला परक्याकडून कळावं?" अगं बाई, पोरीला काही झालेलं नाही, तिला ते शिकायचंय! "हो हो, कळलं," ती म्हणाली आणि जाताना मुलीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. औषधवाला पुढे महिनाभर माझ्या मुलीला "आता बरं वाटतंय ना?" विचारत होता. मी हसून हसून बेजार. मुलगी हसली नाही, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटी कोटाच्या बाह्या आखूड करायला आलेल्या एका बँकवाल्या बाईंनी पत्ता दिला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे मी मुलीला घेऊन गेले. दार उघडलं ते उंच, किडकिडीत, पिकल्या केसांच्या बाईंनी. मी आधी कपडे बघते, माणूस नंतर. पांढऱ्या शर्टाला निळ्या दोऱ्यानं बटण लावलेलं. मला तिथेच बरं वाटलं. म्हटलं, चला, हिला सगळंच येतं असं नाही.

या बाई पूर्वी एका कारखान्यात नोकरीला होत्या. कामाला माणसं घ्यायची तेव्हा येईल त्याला समोर बसवून बोलतं करायचं आणि कुणाला कुठल्या कामावर ठेवावं ते सांगायचं, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला, नवरा आधीच गेलेला, घरात एक मुलगी. मग शिकलेलं होतं ते शिकवायला लागल्या. एक गोल टेबल, चार खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. तेवढेच विद्यार्थी. पुस्तक आधी उघडायचंच नाही. आज कशाचा राग आला, कशाची भीती वाटली, कशाची लाज वाटली, ते एकेकानं सांगायचं. सगळ्यांचं सांगून झालं की बाई म्हणायच्या, "आता याला पुस्तकात काय म्हणतात ते बघू." आम्ही घरात त्यांना मनवाली म्हणायला लागलो. म्हणजे मी म्हणायला लागले.

पुढच्या परीक्षेत मुलगी वर्गात दुसरी आली. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण त्यानंतर जे सुरू झालं त्यानं मला वीट आणला. उठता बसता "मॅडम म्हणतात". मॅडम म्हणतात, रागात झोपू नये. मॅडम म्हणतात, मोठ्यांनासुद्धा भीती वाटते. अगं, हे मी तुला सांगितलं असतं की! मला विचारलंस कधी? पूर्वी शाळेतून आली की माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तिची टकळी सुरू व्हायची. आता "काय झालं आज?" विचारलं की "काही नाही". आणि शिकवणीची वेळ झाली की आरशासमोर उभं राहून केस नीट करून पळत सुटायची.

एकदा ती घरी मोठ्यानं पाठ करत होती. "हेव्याला दोन माणसं लागतात, मत्सराला तीन. दुसऱ्याजवळचं आपल्याला हवंसं वाटणं म्हणजे हेवा, आणि आपलं माणूस तिसऱ्यानं नेलं तर काय, ही भीती म्हणजे मत्सर." मशीन चालवता चालवता मी तीन माणसं मोजली. बरोबर तीन भरली. सुई बोटात गेली.

"तुझ्या पोटात दुखतंय," नवरा म्हणाला.

"दुखतंयच!" मी म्हटलं. "पोटची पोर आहे, दुसरीकडे कुठे दुखणार?"

एकदा ती किल्ली विसरून गेली म्हणून मी द्यायला गेले. जिन्यातच तिचं हसणं ऐकू आलं. खदाखदा, श्वास लागेपर्यंत. माझ्या घरात ती शेवटची अशी कधी हसली होती ते आठवेना. वर गेले तर बाकीची मुलं निघून गेलेली, या दोघीच टेबलाशी. मला बघून दोघी गप्प झाल्या. दोघी! जसं काही मीच परकी. मुलगी चपला घालायला बाहेर गेली तसं मी बाईंना सरळ विचारलं, "माझी मुलगी तुमच्याशी काय बोलते एवढं?"

"तिलाच विचारा ना," बाई म्हणाल्या.

"ती सांगत नाही."

"मग मी कशी सांगू?"

शांतपणे म्हणाली हो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझीच मुलगी, मीच शोधलेली बाई, आणि मलाच दाराबाहेर उभं करते!

आता माझ्या कामाची एक गंमत सांगते. माप घ्यायला उभं केलं की माणूस ताठतं. खांदे वर, पोट आत. अशा मापानं शिवलेला कपडा अंगाला बसत नाही. म्हणून मी टेप हातात घेतला की आपल्या घरातलं काहीबाही सांगते. माणूस हसतं, खांदे खाली येतात, मग मी माप घेते. आणि एकदा मोकळं झालं की ते स्वतःचंही सांगायला लागतं. पडद्याआड उभं राहून लोकांनी मला काय काय सांगितलंय!

एक दिवस एक मुलगी आली. विशीतली, उंच, किडकिडीत. नोकरीसाठी जॅकेट आणि पँट शिवायची होती. ठेवण बघताच मी ओळखलं, ही मनवालीची लेक. मग काय विचारता! त्या दिवशी मी तिला जरा जास्तच हसवलं. ती बोलायला लागली ती थांबेना. आईला ठाऊक नसलेलं, आईला सांगायचं धाडस होत नसलेलं सगळं तिनं माझ्याजवळ ओकून टाकलं. जॅकेट पहिल्याच फिटिंगला अंगासरशी बसलं होतं, तरी ती "खांद्यात जरा बघता का?" म्हणत पुन्हा पुन्हा येत राहिली. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! घे म्हटलं मनवाले, तुझ्या लेकीच्या मनातलं शिंपिणीला ठाऊक.

मनवालीला त्याची कुठून तरी कुणकुण लागली असावी. एका दुपारी बाई स्वतः आल्या. हातात स्कर्ट. "जरा उसवलाय." मी उलटा करून बघितला, एक टाका सुटला असेल तर शपथ. बाई स्टुलावर बसल्या, चष्मा काढला, परत घातला.

"माझी मुलगी इथे येते," म्हणाल्या. "माझ्याशी ती हल्ली जेवणापुरतं बोलते. तुम्हाला काही सांगते का?"

डोळ्यांखाली काळं आलं होतं. दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "सांगते की. तुम्ही माझीचं सांगा, मी तुमचीचं सांगते."

मला वाटलं, आता ही उठून जाईल, नाहीतर पुस्तकातलं काहीतरी ऐकवेल. बाईंनी खाली पडलेली एक चिंधी उचलली, बोटाभोवती गुंडाळली. आणि मग बोलल्या.

"ती म्हणते, आईला सकाळी काही सांगितलं की संध्याकाळी ते कुणाच्या तरी कोटाबरोबर घरी जातं. ती नापास होता होता वाचली ते, दार लावून रडली ते, वर्गातल्या मुलानं तिची चेष्टा केली ते. रस्त्यानं जाताना लोक विचारतात म्हणे. तिला तुमचा राग नाही. तिला तुमची भीती वाटते."

मी हातातली कात्री खाली ठेवली. एकही गोष्ट खोटी नव्हती. नापास होता होता वाचल्याचं मी त्या बँकवालीलाच सांगितलं होतं, डावी बाही मोजताना.

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

जिभेवर होतं सगळं. एका दमात सांगून टाकलं असतं. "नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"हो, फसवलं," मी म्हटलं. "तुमची लेक माझ्यावर विश्वास ठेवून बोललीय." ती काय बोलली ते मी हे ऐकणाऱ्या तुम्हालाही सांगणार नाही, उगाच वाट बघू नका.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. स्कर्ट तिथेच टाकून निघून गेल्या.

थोड्या वेळानं मुलगी शाळेतून आली. स्कर्ट बघितल्याबरोबर ओळखला. "मॅडम आल्या होत्या? काय म्हणाल्या?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या हातात सगळं होतं. एकच वाक्य पुरलं असतं. तुझ्या मॅडमनी तुझं गुपित मला सांगितलं. संपलं! पोरगी पुन्हा त्या जिन्याची पायरी चढली नसती. किती महिने मी याचीच वाट बघत होते! पण मग बोलली असती कुणाशी? माझ्याशी? छे. कुणाशीच बोलली नसती.

"काही नाही," मी म्हटलं. "उसवलाय म्हणाल्या."

"दे, मी नेऊन देते. मला त्यांच्याशी बोलायचंच आहे."

काय बोलायचंय गं, असं ओठांवर आलं होतं. आतून नुसती जळत होते. तसाच गिळला तो प्रश्न, स्कर्टची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"जा," मी म्हटलं, "दार ओढून घे."

ती धावतच गेली.