कैरातचा किलोवॅट
कारागंडातल्या आमच्या हौशी रेडिओवाल्यांपैकी कुणालाही विचारा, त्याचा ॲम्प्लिफायर किलोवॅटचाच! या थापेनं आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ तेमिरखान आगांचं टाळकं सटकतं, आणि का सटकू नये?

काल आमच्यातलाच कैरात स्वतःचा ॲम्प्लिफायर घेऊन आगांच्या घरी आला. आगांनी त्याला रीतीप्रमाणे अर्धाच प्याला चहा दिला. आमच्याकडे काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे ‘आता निघ’.

“आगा, मीटरचा काटा हजारावर जातो!”

“काटा गेला खड्ड्यात! अँटेनातून माघारी आलेली ताकद वजा केलीस का, दीडशहाण्या?”

आगांनी अँटेनाऐवजी सगळी ताकद उष्णतेत बदलणारा, बंद नळीतला रोधक ॲम्प्लिफायरला जोडला आणि ती नळी पातेल्यातल्या पाण्यात बुडवली. शेजारी तेवढंच पाणी भरून किलोवॅटची विजेची किटली लावली. दोन्ही एकदमच सुरू केली. किटली खदखदली, तेव्हा पातेलं जेमतेम कोमट झालं होतं.

“आज गारठा जास्त आहे ना...” कैरात पुटपुटला.

“किटलीला नाही वाजत तो गारठा?”

आगांनी पातेल्यातल्या त्या कोमट पाण्यातच चहाची पत्ती टाकली आणि कैरातचा प्याला काठोकाठ भरला.

“पी. तुझाच किलोवॅट आहे.”