मास्तरांचा वन्समोअर

आमच्या शाळेच्या पेटीमास्तरांना या जगात माणसं अशी दिसतच नसत, दिसत त्या फक्त पेटीच्या पट्ट्या. हेडमास्तर त्यांच्या लेखी 'काळी एक', शिपाई काळी पाचात खोकणारा, आणि मी, परळच्या चाळीतला चौदा वर्षांचा कारटा, 'पांढरी पाच, पण आणखी किती दिवस, देव जाणे!' सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते खिडकीशी पेटी ओढून सूर लावून बघत आणि त्यांच्या अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणत, "आज अर्धा सूर उतरलाय. जागरण झालेलं दिसतंय!" ट्राममध्ये ते पेटीला शेजारी बसवत. कुणी जागा मागितलीच तर गंभीरपणे सांगत, "बाई बसल्यात." चिंचपोकळीच्या त्यांच्या खोलीत तिच्याशिवाय दुसरं होतं कोण? खानावळीचा डबा आला की तिच्यावरचा अभ्रा नीट करायचा, तिला समोर घ्यायची, मगच पहिला घास. "एकट्यानं जेवू नये रे," मला म्हणायचे.

तरुणपणी ते नाटक कंपनीत पेटी वाजवत. शेकडो वन्समोअर त्यांच्या कानांवरून गेले, त्यांचा एकही नाही. "वन्समोअर गळ्याला मिळतो," ते सांगत, "पेटीवाल्याला फक्त पुन्हा वाजवावं लागतं." म्हणून शाळेच्या संमेलनात संगीत नाटक ठरलं तेव्हा पदं त्यांनी लिहिली, चाली त्यांनी बांधल्या, आणि विरहिणी राणी केलं मला. "एकच वन्समोअर पाहिजे. खरा. आपलीच पोरं मागं बसवून ओरडायला लावलेला नव्हे!" त्यापायी माझी चिंचाबोरं बंद झाली, तोंडात ज्येष्ठमधाची काडी आली आणि घोषणांवर बंदी आली. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमची चाळच्या चाळ मोर्चाला जायची आणि मी खिडकीत काडी चोखत उभा. तक्रार केली तर मास्तर म्हणाले, "मुंबई आज ना उद्या मिळेल रे. तुझा पंचम गेला तर परत मिळायचा नाही."

नाटकाच्या आदल्या दिवशी मोर्चा आमच्याच रस्त्यानं आला. मी काडी थुंकली आणि लालबागपर्यंत 'झालाच पाहिजे' ओरडत गेलो.

दुसऱ्या दिवशी नऊवारी नेसून, गजरा माळून मी तोंड उघडलं, तर सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखा आवाज. मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोणत्या पट्टीत ओरडलास?"

"आठवत नाही, मास्तर."

"वरच्या सप्तकात असणार, गाढवा." मग पेटी विंगेत ओढत हळूच म्हणाले, "तू नुसते ओठ हलव."

पडदा वर गेला. राणी खिडकीशी आली, ओठ हलले, आणि विंगेतून पन्नाशीचा खर्ज निघाला. थिएटर हसून फुटलं! पहिल्या रांगेतल्या एक मालवणी मावशी ओरडल्या, "अगो बाय, राणीक मिशी फुटली काय गो!" पण दुसऱ्या ओळीला हसू विरलं, तिसरीला कुणी खोकेना. डबा समोर ठेवून ते पेटीशी जसे गात असतील, तसेच त्या दिवशी गायले. पद संपलं आणि मागच्या अंधारातून आला, अगदी खरा: "वन्समोअर!"

मी विंगेत पाहिलं. मास्तरांचा चेहरा नुसता उजळला होता आणि ते माझ्याकडे बोट दाखवत होते, "वाक, गाढवा, वाक! तुला मिळाला!"

मी वाकलो. ते पुन्हा गायले.

मुंबई मिळाली. माझा पंचम मात्र परत आला नाही. पुष्कळ वर्षांनी, दोन पोरांचा बाप झाल्यावर, त्यांच्या खोलीवर जाऊन मी एकदाचं सांगून टाकलं, "मास्तर, तो वन्समोअर तुमचा होता."

"छट्! लोकांना मी दिसलो तरी होतो का?" असं म्हणून ते पेटीचा अभ्रा सारखा करू लागले.

निघालो. जिना अर्धा उतरलो असेन, तोच वर पेटी सुरू झाली. राणीचंच पद. ते गातही होते. मी कठड्याला धरून शेवटपर्यंत ऐकलं. एक हाक तेवढी घालायची होती, एकच शब्द. माझे ओठ हलले.

नुसते ओठच.