एकाच वायरीवर दोघं

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा. तिला मी आक्का म्हणतो. आई गेली तेव्हा ती चौथीत होती, आणि तिची शाळा तिथेच थांबली. बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली अर्धी पोरं शेतात असायची. माझं नाव हजेरीतून कटू नये म्हणून माझ्या वाटणीच्या ओळीही आक्काच वेचायची. पोरांबरोबर विटीदांडू खेळताना दिसलो तर बांधावरून ओरडायची, "खेळून पोट भरते काय रे?" मी खेळ सोडून पुस्तकाकडे जायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, आदिलाबादला हायस्कूलमध्ये मास्तर झालो. भाऊजी वारल्यावर आक्का माझ्याकडे राहायला आली. घराच्या मागच्या दोन खोल्या तिच्या. तिची एकुलती मुलगी भैंशाजवळच्या गावात दिलेली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेत गेलेल्या माझ्या मेव्हण्यानं सुट्टीवर येताना टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणलं. त्याला मागे टेलिफोनची वायर लावायची सोय होती. इंटरनेट आमच्या जिल्ह्याच्या गावी नुकतंच आलं होतं. संध्याकाळी सातला मी इकडून जोडायचं, त्यानं तिकडून सकाळी जोडायचं आणि बुद्धिबळ खेळायचं, असं ठरलं. सुरुवातीला मला लाज वाटली. चाळिशीला आलेला मास्तर टीव्हीपुढे बसून खेळतोय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? पण पहिला डाव सुरू झाला आणि पुढचे काही आठवडे माझं लक्ष शाळेत लागेना. फळ्यावर गणित लिहितानाही मनात घोडा कुठे हलवायचा तेच चालायचं.

पण डाव काही पुरा व्हायचा नाही. पाच-सात चाली झाल्या की पडद्यावर संपर्क तुटल्याची पाटी यायची. पुन्हा नंबर फिरवायचा, यंत्राचं ते किंचाळणं ऐकायचं, पुन्हा जोडणी व्हायची आणि पुन्हा तुटायची.

मी दोष शोधायला लागलो. भिंतीवरची टेलिफोनची डबी उघडून आतले स्क्रू आवळले. तारेच्या टोकांवर हिरवा गंज होता, तो ब्लेडनं खरवडला. खांबापासून घरापर्यंतची वायर कडुनिंबातून येत होती. खारीनं कुरतडली असेल म्हणून शिडी लावून वर चढलो. सांध्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. पंख्याच्या रेग्युलेटरवर संशय घेतला आणि पंखा बंद करून घामाघूम होत बसलो. यंत्राचा ट्रान्सफॉर्मर टेलिफोनपासून दूर, स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवला, तर बायको त्याला अडखळली. "दहावीची परीक्षा जवळ आली आहे असं वाटतं," ती म्हणाली. "पोरांची नाही, तुमची." मी हसलो नाही. त्या दिवसांत मला काही गमतीचं वाटतच नव्हतं.

शेवटी टेलिफोन खात्यात तक्रार दिली. लाइनमन आला. त्याच्या घरची भाषा तेलुगू, आमच्याशी तो हिंदीत बोलायचा. खांबावर चढला, उतरला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सार, लाइन एक है, कंप्लेंट दो आया. पीछेवाली अम्मा भी बोली, फोन खराब है."

मला वाटलं, त्याचा काहीतरी घोटाळा झाला. टेलिफोनचा नंबर एकच, माझ्या नावाचा. आक्काला मागे ऐकू यावं म्हणून तिच्या खोलीत दुसरा टेलिफोन त्याच वायरीला जोडून दिला होता. तिला कुठे कोणाला फोन करायचा असतो, असा माझा समज. मी ती गोष्ट तिथेच सोडली आणि पुन्हा वायरीच्या मागे लागलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाव चांगला रंगला होता. माझा हत्ती त्याच्या वजिराच्या रेषेत आला होता. तेवढ्यात शेजारच्या तिपाईवरच्या टेलिफोनमधून अगदी बारीक 'टिंग' असा आवाज आला आणि लगेच पाटी आली. संपर्क तुटला. मी तसाच उठलो आणि मागच्या खोलीत गेलो. आक्का पलंगाच्या कडेला बसली होती. रिसीव्हर कानाला होता, दुसरा कान तिनं हातानं दाबून धरला होता.

काय करतेस, म्हणून विचारलं.

"फोन जित्ता हाय का पाहून राह्यली," ती म्हणाली. "काऊन रे बाबू, दिवसा चांगला असते. दिवे लागले का याच्यात कोणी कोंबडी कापून राह्यल्यासारखं होते."

हळूहळू सगळं तिच्याकडून कळलं. भाचीचा सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं व्याह्यांशी बोलणंही झालं होतं. घेऊन जायला कोणत्या दिवशी यायचं ते आम्ही फोन करून कळवू, आमचं काम संपलं की संध्याकाळी करू, असा त्यांचा निरोप होता. मुलीकडच्यांनी घाई करू नये म्हणून आक्का आपणहून फोन करत नव्हती. नुसती वाट पाहत होती. रोज दर थोड्या वेळानं रिसीव्हर उचलायची, तो आवाज ऐकायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. तिनं उचलला की माझा डाव तुटायचा, आणि माझा डाव चालू असला की बाहेरून कोणाचा फोन लागत नसे. मला का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "तू कामात होता. टीव्हीपाशी काही लिहून राह्यला होता."

मी चाली लिहून ठेवत होतो.

तिथूनच व्याह्यांच्या दुकानात फोन लावला. ते शांतपणे बोलले, आणि तेच मला जास्त लागलं. "रोज लावून राह्यलो, मामासाहेब. रोज एंगेज. आमाले वाटलं, तुमाले पोरगी न्यायची नसंल."

सकाळच्या पहिल्या बसनं मी निघालो. भाचीला आणायचा मान मामाचाही असतो, मामा दारात गेला तर रिकामा पाठवत नाहीत, असं वाटेत स्वतःला सांगत होतो. भैंशाला बस बदलली. जिनिंगच्या गिरणीपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बस तिच्यामागे अडकली तेव्हा मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो.

विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मग म्हणाल्या, "मामाले आता येळ भेटला व्हय?"

मी काहीतरी सबब सांगू शकलो असतो. लाइन खराब होती, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग त्यांच्या मनात आक्काबद्दल जे बसलं होतं ते तसंच राहिलं असतं. म्हणून सांगितलं, "फोन चांगला होता. मी अडवून ठेवला होता. संध्याकाळी त्याच्यावर खेळत होतो."

व्याही माझ्याकडे पाहत राहिले. "तुमी? मास्तर?" मग त्यांना हसू आवरेना. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. आता आठवा लागला, त्या म्हणाल्या, आणि आठव्यात बाईला गाव ओलांडू देत नाहीत. त्यात राग नव्हता. त्यांच्या सासूनं त्यांनाही पाठवलं नव्हतं. मी बराच वेळ बोललो, डॉक्टरांचा हवाला दिला. त्या ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. शेवटी एवढं ठरलं की नववा लागताच त्या स्वतः पाठवतील.

दुसऱ्या दिवशी भाचीला भैंशाला डॉक्टरकडे दाखवायचं होतं, म्हणून मी थांबलो. गावातला एकमेव टेलिफोन बूथ व्याह्यांच्या दुकानातच होता. त्यात उभा राहून 'ती आत्ता येत नाही' हे आक्काच्या कानात सांगायचं माझ्याच्यानं होईना. आदिलाबादच्या बसचा कंडक्टर आमच्या गल्लीतला. भैंशापर्यंत जाऊन त्याच्या हाती चिठ्ठी दिली. आक्काला अक्षर लावून लावून वाचता येतं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिली.

आक्कास नमस्कार.

पोरगी चांगली आहे. अंगानं भरली आहे. पाय थोडे सुजतात, ते उद्या डॉक्टरांना विचारतो. मी तिला आत्ता घेऊन येत नाही. आठवा लागला म्हणून पाठवत नाहीत. नववा लागला की पाठवतील, विहीणबाई माझ्यासमोर बोलल्या. फोन केले ते त्यांनी खरंच केले होते. तू उचलत होतीस, तेही खरं. मध्ये मी होतो, आणि तसं मी त्यांना सांगितलं आहे. तुझ्याबद्दल त्यांच्या मनात आता काही नाही.

पोरगी विचारत होती, मामा, खेळात तुमी जिकत होते का हारत होते? म्हटलं, डाव पुराच होत नव्हता. पोट धरून हसली. तिला तसं हसताना पाहून मला बरं वाटलं, म्हणून तुला लिहिलं.

रोज सात वाजता ती दुकानातून तुला फोन करणार आहे, व्याह्यांनी कबूल केलं आहे. माझ्या यंत्राची वायर काढून ठेव. टीव्हीच्या मागे पांढरी आहे, नुसती ओढली की निघते. काळीला हात लावू नको, तिच्यात करंट आहे. मग रिसीव्हर उचलून बघायची गरज नाही. घंटा वाजली की उचल आणि तिच्याशी पोटभर बोल. ती आज सातला लावणार आहे.